प्रतिपालकत्व, बालगृह आणि मुलांचं म्हणणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करते आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर आहे. आठवड्यातून दोनदा तरी बालकल्याण समितीच्या, म्हणजे आधार नसलेलं मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या समितीच्या, दाराबाहेरच्या बाकावर माझा वेळ जातो. त्या बाकावर आत्या, मामा, शेजारी, दत्तकाच्या रांगेतली जोडपी आणि सतरा वर्षांची पोरं मला जे विचारतात, तेच इथे लिहून काढलं आहे. कलमांचे आकडे मुद्दाम दिले आहेत. अर्जात कलम लिहिलेलं असलं की टेबलापलीकडचा माणूस तो जरा नीट वाचतो. नुसतं ‘कलम’ असेल तिथे बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ समजावा.

फॉस्टर केअर म्हणजे दत्तकच ना?

नाही. दत्तकात मूल कायमचं त्या घराचं होतं. नाव, वारसाहक्क, सगळं बदलतं. प्रतिपालकत्वात, म्हणजे फॉस्टर केअरमध्ये, मूल काही काळ दुसऱ्या घरात वाढतं. त्याचे आईवडील हयात असू शकतात. आई तुरुंगात असेल, अंथरुणाला खिळलेली असेल, बापाचा ठावठिकाणा नसेल. मुलाची आणि त्यांची भेट होत राहावी असं कलम ४४च सांगतं. मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच समिती भेट थांबवते. मुलाचं आडनाव तेच राहतं. प्रतिपालकांनी जेवणखाण, शाळा आणि दवाखाना सांभाळायचा.

दोन वर्षं मूल त्या घरात रुळलं आणि कायद्याने दत्तकासाठी मोकळं झालं, तर त्याच कुटुंबाला ते दत्तक घेता येतं. आधी ही मुदत पाच वर्षांची होती. पण ‘दोन वर्षं सांभाळू आणि मग आपलं करू’ असा हिशोब मनात धरून कुणी येऊ नये. मधल्या काळात आई सुटून आली, बरी झाली, तर मूल तिच्याकडे जाणार, आणि जायलाच हवं.

मग ‘बालसंगोपन’ म्हणतात ती हीच योजना का?

जवळची, पण वेगळी. बालसंगोपन ही महाराष्ट्राची स्वतःची योजना आहे. आता तिचं नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. अनाथ, एक पालक असलेली, पालक दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेली मुलं संस्थेत न जाता घरात, नात्यात वाढावीत म्हणून दरमहा मदत मिळते. कित्येक वर्षं ही रक्कम ४२५ रुपये होती, मग ११०० झाली आणि २०२३ पासून २२५० रुपये आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्व (मूल स्वतःच्या घरातच वाढावं म्हणून दिलेली मदत) आणि प्रतिपालकत्व या दोन्हींसाठी महिन्याला ४००० रुपयांची तरतूद आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा आणि आदेश बालकल्याण समिती करते.

मूल मामाकडेच राहतंय. कागदाची काय गरज?

हा प्रश्न बाकावर सगळ्यात जास्त विचारला जातो. पहिली दोन वर्षं खरंच काही अडत नाही. अडतं ते आठवीत, शिष्यवृत्तीच्या अर्जावर ‘पालकाची सही’ लागते तेव्हा. मग आधारवरचा पत्ता, बँकेचं खातं, बापाच्या नावावरची दोन गुंठे जमीन, आणि एखाद्या रात्री दवाखान्यात ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ हा सवाल. मामाने प्रेमाने वाढवलं यात शंका नसते. पण मूल त्याच्याकडे का आहे, कधीपासून आहे, कुणाच्या आदेशाने आहे, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

समितीपुढे एकदा हजर होऊन आदेश घेतला की मुलाला बालसंगोपनाची मदत सुरू होते, कुणीतरी अधूनमधून घरी येऊन त्याची विचारपूस करतं, आणि पुढे कधी त्याला अनाथ प्रमाणपत्र हवं असेल तर मागचा पुरावा तयार राहतो. मामाला समितीचं भय वाटतं, ‘मूल काढून नेतील’ असं. मूल नीट असेल तर समिती त्याला नात्यातच ठेवते. संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, हे कलम ३ मधलं तत्त्वच आहे.

प्रतिपालक कोण होऊ शकतं?

२०२४ मध्ये केंद्राने सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लग्नाची अट उरलेली नाही. अविवाहित, विधवा, घटस्फोटित, कायद्याने विभक्त अशा ३५ वर्षांपुढच्या व्यक्तीही अर्ज करू शकतात. एकटी स्त्री मुलगा किंवा मुलगी, कुणाचाही सांभाळ करू शकते; एकट्या पुरुषाकडे मुलगी दिली जात नाही. जोडपं असेल तर किमान दोन वर्षांचा स्थिर संसार लागतो. मुलं सहा वर्षांवरची, बहुतेक अशी की जी बालगृहात आहेत आणि ज्यांना भेटायला कुणी फिरकत नाही.

मूल घरात आल्यावर समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते. घरी पाहुणे येऊन कपाट उघडून बघणार म्हणून लोक नाराज होतात. मुलाच्या बाजूने विचार करा, मग नाराजी राहणार नाही.

बालकल्याण समिती म्हणजे कोर्ट का?

अधिकार कोर्टाचे, बैठक घरातल्यासारखी, अशी कल्पना आहे. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांत किमान एक स्त्री. मूल सापडल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, त्याला समितीपुढे हजर करायचं असतं. चौकशी संपवून अंतिम आदेश चार महिन्यांत व्हायला हवा. नियमांत बसायच्या जागेबद्दलही स्पष्ट लिहिलं आहे: खोली न्यायालयासारखी दिसू नये, समितीने उंच चौथऱ्यावर बसू नये, मूल आणि सदस्य यांच्या मध्ये कठडा असू नये.

चौथरा बहुतेक ठिकाणी नसतो. टेबल मात्र असतं, त्यावर फायलींची चळत असते, आणि सात वर्षांच्या मुलाला खुर्चीवर बसवलं की चळतीपलीकडून त्याचा फक्त भांग दिसतो. मी एका सदस्यबाईंना खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे, मुलाशेजारी येऊन बसताना पाहिलं आहे. त्या दिवशी तो मुलगा पहिल्यांदा पूर्ण वाक्यात बोलला.

मुलाला खरंच विचारतात का? की मोठ्यांचं आधीच ठरलेलं असतं?

कायद्यात उत्तर स्वच्छ आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केली, तिचं बारावं कलम म्हणजे मुलाचं मत ऐकून घेण्याचा हक्क. आपल्या कायद्यात कलम ३ मध्ये सहभागाचं तत्त्व आहे: मुलाशी संबंधित प्रत्येक प्रक्रियेत त्याला ऐकलं जाण्याचा हक्क आहे, आणि वय व समज बघून त्याच्या मताला वजन द्यायचं आहे.

व्यवहारात काय होतं ते एका प्रसंगातून सांगते. ओळख पटेल असं काही इथे लिहिणार नाही. एक मुलगी, वय अकरा, आणि तिचा भाऊ, वय सहा. आई गेली, बाप सांभाळत नव्हता. मुलींचं बालगृह एका तालुक्यात, लहान मुलग्यांचं दुसऱ्या. आदेश तयार होता, दोघांची रवानगी दोन दिशांना. कुणीतरी सवयीने विचारलं, “बाळा, तुला काही सांगायचंय?” मोठी माणसं हा प्रश्न उठता उठता विचारतात. ती म्हणाली, “तो रात्री उठून शू करायला घाबरतो. तिकडे कुणाला उठवायचं हे त्याला माहीत नाही.”

खोलीत शांतता पसरली. सामाजिक तपासणी अहवालात घराचं क्षेत्रफळ होतं, बापाचं उत्पन्न होतं, शेजाऱ्यांचे जबाब होते. रात्री उठणारा भाऊ त्यात नव्हता. त्याच दुपारी चुलत आजीचा शोध सुरू झाला. ती सापडेपर्यंत दोघांचं रोज संध्याकाळी फोनवर बोलणं व्हावं असं आदेशात लिहून घेतलं, वेळेसकट. प्रतिपालकत्वात भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत हे कलम ४४ मध्ये आहेच. त्याचा आधार घेऊन दोघं पुढे एका घरात आली.

म्हणून माझं सगळ्यांना सांगणं आहे: ‘तुला काही सांगायचंय?’ असं विचारू नका. ‘रात्री काय होतं?’, ‘शाळेत कुणाशेजारी बसतेस?’, ‘कुणाची आठवण येते?’ असं विचारा. आणि जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत आदेशात उतरवून घ्या.

मुलासाठी वकील मिळतो का? पैसे लागतात का?

मिळतो, फुकट. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक मुलाला मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. साध्या कागदावरचा अर्ज चालतो. आत्या, शिक्षिका, बालगृहाचे अधीक्षक, कुणीही मुलाच्या वतीने देऊ शकतं.

एक गोष्ट वकिलांसाठी. मुलाचा वकील म्हणून गेलात तर आधी मुलाला भेटा, मग फाईल वाचा. उलटं केलं की आपण फाईलचे वकील होतो.

समितीचा आदेश पटला नाही तर?

तीस दिवसांत अपील. प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व आणि अनुरक्षण (अठरानंतर संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना दिलेला आधार) यांबाबतच्या आदेशावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे, बाकीच्या आदेशांवर बाल न्यायालयात (कलम १०१). उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षणाचा मार्ग कलम १०२ मध्ये आहे. समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल, म्हणजे बैठकच होत नाही, मुलाशी नीट बोलत नाहीत, तर तक्रार निवारणाचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे (कलम २७). या सगळ्यासाठी आदेशाची प्रत लागते. ती नसेल तर तीस दिवस कधी सुरू झाले हेच सांगता येत नाही. प्रत मागा, आणि मागितल्याचा अर्ज लेखी द्या.

बालगृहात मुलांना स्वतःचं व्यासपीठ असतं का?

असतं, आणि फार थोड्या मुलांना ते ठाऊक आहे. २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा तीन वयोगटांच्या बाल समित्या हव्यात. जेवण, दिनक्रम, तक्रारी, नव्या मुलाला सांभाळून घेणं, हे सगळं त्यांनी बोलायचं. शिवाय सूचनापेटी. ती ऑफिसपासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ असावी आणि दर आठवड्याला बाल समितीच्या मुलांसमोर उघडावी असा नियम आहे.

मी पाहिलेली एक पेटी अधीक्षकांच्या टेबलासमोर, बरोबर त्यांच्या नजरेच्या रेषेत टांगलेली होती. कुलपाला गंज चढला होता. मुलांना विचारलं तर एकजण म्हणाला, “ताई, चिठ्ठी टाकताना मॅडम बघतात ना.” ती पेटी जिन्याखाली हलवायला एक खिळा आणि एक अर्ज लागला. पहिल्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या चार फक्त अंघोळीच्या गरम पाण्याबद्दल होत्या.

संस्थेला भेट देणारे, देणगीदार, प्राध्यापक, समाजकार्याचे विद्यार्थी, सगळ्यांनी एवढं तरी बघावं: पेटी कुठे आहे, आणि शेवटची कधी उघडली.

अठरा पूर्ण झाल्यावर मूल रस्त्यावर येतं हे खरं आहे का?

कायद्याने येऊ नये. कलम ४६ प्रमाणे बाहेर पडणाऱ्या तरुणाला आर्थिक मदत देता येते. नियमांप्रमाणे अनुरक्षणाची सोय २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत आहे. मिशन वात्सल्यमध्ये यासाठीही महिन्याला ४००० रुपये आहेत. राज्यात अनुरक्षणगृहं आहेत.

पण मुलांच्या तोंडून हकिगत ऐकली की वेगळंच चित्र उभं राहतं. वाढदिवसाच्या आधी आठवडाभर जेवण जात नाही. दहा-बारा वर्षं जिथे राहिलो तिथून निघताना हातात एक पिशवी असते, तिच्यात कपडे, दहावीची मार्कशीट आणि कुणीतरी दिलेलं घड्याळ. जन्मदाखल्यावर एक जन्मतारीख, शाळेत दुसरी. आधारवर संस्थेचा पत्ता, आणि आता त्या पत्त्यावर राहता येत नाही. भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक विचारतो, “गाव कुठलं? घरी कोण कोण असतं?” चांगला पगार मिळवणारा मुलगाही या प्रश्नाला अडखळतो. महिन्याच्या मदतीइतकीच त्याला अशा एका माणसाची गरज असते, ज्याचा नंबर ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यात लिहिता येईल.

कायद्यातला शब्द ‘देता येईल’ असा आहे, ‘दिलीच पाहिजे’ असा नाही. माझ्या मते संपूर्ण कायद्यात तातडीने दुरुस्त करावी अशी जागा हीच.

अनाथांचं एक टक्का आरक्षण कुठून आलं?

एका तरुणीने मागितलं म्हणून आलं. अमृता करवंदे गोव्यातल्या अनाथालयात वाढली, अठराव्या वर्षी पुण्यात आली, मिळेल ते काम करत शिकली आणि राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा दिली. अर्जात जातीचा रकाना होता. आईवडिलांचाच पत्ता नसेल तर जात कुठून आणायची आणि नॉन-क्रिमिलेयरचा दाखला कुठून? घरात कुणीही कमावतं नसलेली मुलगी कागदोपत्री मात्र सुखवस्तू घरातल्यांच्या रांगेत उभी राहिली आणि गुणांत मागे पडली.

इथे ती थांबली असती तर आणखी एक हुशार मुलगी गप्प झाली, इतकंच घडलं असतं. ती थेट तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना जाऊन भेटली. जानेवारी २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने अनाथांसाठी शिक्षण आणि शासकीय नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला, एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला. पुढे निकष बदलत गेले. सध्या ६ एप्रिल २०२३ चा शासन निर्णय लागू आहे. त्यात संस्थेत वाढलेले आणि संस्थेबाहेर, नातेवाइकांकडे वाढलेले असे दोन प्रवर्ग आहेत. आज लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीत ‘अनाथ’ हा शब्द छापून येतो, तो तिच्या पायपिटीमुळे.

वकिलांनी, संस्थांनी, माझ्यासारख्यांनी ही अडचण वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर पाहिली होती. आम्ही दाखल्यासाठी अर्ज करत राहिलो. रकानाच चुकीचा आहे हे तिने सांगितलं, कारण तो तिला भरायचा होता.

मी ‘अनाथ’ नाही, ‘सोडून दिलेलं मूल’ आहे म्हणतात. मला प्रमाणपत्र मिळेल का?

यावर मुंबई उच्च न्यायालयात लढाई झाली आहे. द नेस्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने आपल्याकडे वाढलेल्या दोन मुलींसाठी याचिका केली. सरकारचं म्हणणं असं की आरक्षण अनाथांना आहे, टाकून दिलेल्यांना नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांच्या खंडपीठाने हा भेद मान्य केला नाही. अनाथ आणि सोडून दिलेलं मूल, दोघांचीही काळजीची गरज सारखीच आहे.

कायद्यातली ‘अनाथ’ची व्याख्याही मरणापुरती नाही. ज्याचे जन्मदाते, दत्तक पालक किंवा कायदेशीर पालक नाहीत ते मूल अनाथ आहेच. ज्याचा कायदेशीर पालक सांभाळायला तयार नाही किंवा समर्थ नाही, तेही अनाथ. तेव्हा खिडकीवर ‘आईवडिलांचा मृत्यूचा दाखला आणा’ असं उत्तर मिळालं, तर व्याख्या आणि निकाल जोडून लेखी अर्ज करा. नकार मिळाला तर तोही लेखी मागा.

दिव्यांग मुलांचं अठरानंतर काय?

अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव दिलं आणि अठरानंतरही जवळच ठेवलं. त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. पण त्यांची मूळ मागणी आहे ती कायद्याची: बेवारस दिव्यांग मुलाला वयाच्या आकड्यावरून बाहेर काढता येऊ नये. तिथेच वाढलेल्या, दृष्टी नसलेल्या माला पापळकरने २०२४ मध्ये लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा पार केली. संधी आणि छप्पर एकाच वेळी टिकलं की काय होतं, ते तिथे दिसतं.

आम्ही संस्थेत वाढलेले पाच-सहा जण आहोत. एकत्र येऊन काय करू शकतो?

खूप काही. आधी एकमेकांचे कागद बघा. एकाची जन्मतारीख ज्या अर्जाने दुरुस्त झाली तोच अर्ज दुसऱ्याला चालतो. मग ज्या बालगृहातून आलात तिथल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना, समितीच्या परवानगीने, महिन्यातून एकदा भेटा. खोली कशी शोधायची, बँकेत काय बोलायचं, मेसचे पैसे कसे पुरवायचे, हे त्यांना तुमच्याकडून ऐकायचं असतं. आमच्या भाषणापेक्षा ते जास्त टिकतं.

मागणी करायला जाल तेव्हा एका वेळी एकच मागणी न्या आणि तिच्यासोबत सहा जणांचे सहा कागद न्या. ‘आमचे प्रश्न सोडवा’ असं निवेदन फायलीत जातं. ‘सहापैकी पाच जणांना संस्था सोडताना समितीच्या आदेशाची प्रत मिळाली नाही, ती द्यायचा आदेश काढा’ याला उत्तर द्यावं लागतं.

आणि एक जपा. वर्तमानपत्रवाले, संस्थावाले तुमची गोष्ट मागतील. आईने कुठे सोडलं, रडलात का, सगळं. ती गोष्ट तुमची आहे. किती सांगायची ते तुम्ही ठरवा. पत्रकारांशी बोलताना ‘एवढंच’ असं म्हणायला मुळीच संकोचू नका.

मुलीचा वाढदिवस बालगृहात साजरा करायचा आहे. चालेल ना?

मनात प्रेम आहे हे समजतं, तरी मी नको म्हणेन. दर रविवारी कुणीतरी अनोळखी मूल केक कापतं आणि पन्नास मुलं टाळ्या वाजवतात, असं बालपण कसं असेल ते बघा. फोटो तर मुळीच नकोत. मुलाची ओळख उघड होईल असं नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करण्यावर कलम ७४ ची बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. द्यायचंच असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारा की एका मुलाची एका वर्षाची क्लासची फी भरू का. आणि दहावीचा निकाल लागेल त्या दिवशी एक फोन करा.

व्हॉट्सॲपवर ‘आईवडील वारले, दोन लहान मुलं दत्तक द्यायची आहेत’ असा मेसेज आलाय.

पुढे पाठवू नका. कोविडच्या दुसऱ्या लाटेत असे मेसेज पुरासारखे आले होते. परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते (कलम ८०). मुलं खरी असोत-नसोत, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करून मेसेजमधला नंबर कळवा. तुमच्यासमोर एकटं मूल असेल तर २४ तासांत कळवणं हे तुमचं कायदेशीर कर्तव्यच आहे (कलम ३२).

परदेशात म्हणे प्रत्येक मुलामागे कोर्टात एक माणूस उभा असतो?

अमेरिकेत १९७७ मध्ये सिॲटलच्या डेव्हिड सूकप या न्यायाधीशांना वाटलं की या मुलांबद्दल निकाल द्यायला आपल्याकडे पुरेशी माहितीच नाही. म्हणून त्यांनी प्रशिक्षित स्वयंसेवक नेमायला सुरुवात केली. एका स्वयंसेवकाने मुलाला भेटत राहायचं आणि कोर्टाला सांगायचं. पुढे ती पद्धत देशभर पसरली. कॅलिफोर्नियात १९८८ पासून प्रतिपालकत्वात वाढलेल्या तरुणांची कॅलिफोर्निया यूथ कनेक्शन ही संघटना आमदारांपुढे जाऊन बोलते.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारी एक गोष्ट आहे. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात, पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे, बालकल्याण समिती मुलाला ‘सहायक व्यक्ती’ देते. ती खटला संपेपर्यंत सोबत असते. तशीच व्यक्ती बालगृहात किंवा प्रतिपालकत्वात असलेल्या प्रत्येक मुलाला मिळावी यासाठी आम्ही काही जण प्रयत्न करतो आहोत.

परदेशातल्या मराठी कुटुंबाचं मूल तिथल्या यंत्रणेने नेलं तर?

नॉर्वेत २०११ मध्ये एका भारतीय जोडप्याची दोन मुलं अशीच नेली गेली आणि देशभर खळबळ उडाली. पहिल्याच दिवशी भारतीय वकिलातीला लेखी कळवा, स्थानिक वकील घ्या, दुभाषी मागा आणि आजी-आजोबा किंवा काका-मावशी सांभाळायला तयार आहेत असं त्यांचं पत्र लगेच सादर करा. त्या देशाच्या प्रक्रियेला आदराने सामोरे जा. भांडण अंगावर ओढून घेतलं की तेच तुमच्याविरुद्ध अहवालात येतं.

मी बालगृहात आहे. दोन महिन्यांनी अठरा पूर्ण होतील. काय करू?

हे उत्तर फक्त तुझ्यासाठी. अधीक्षकांना साधा अर्ज लिही: ‘माझी वैयक्तिक काळजी योजना मला दाखवावी आणि अनुरक्षणासाठी माझं नाव समितीकडे पाठवावं, कलम ४६.’ त्याची एक प्रत जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांना पाठव.

मग कागद गोळा कर. समितीचे सगळे आदेश, जन्मदाखला किंवा वयाचा आदेश, शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, आधार, पासबुक, लसीकरण आणि आजारपणाच्या चिठ्ठ्या, अनाथ प्रमाणपत्र किंवा त्याचा अर्ज. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते अक्षर अक्षर लावून बघ. चूक असेल तर आत असतानाच दुरुस्त करून घे. बाहेर पडल्यावर त्याच कामाला वर्ष लागतं. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढ आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये तुझ्याच जवळ ठेव. कुणी ‘आमच्याकडे सुरक्षित राहील’ म्हणालं तर झेरॉक्स दे.

बहीण-भाऊ दुसऱ्या संस्थेत असतील तर त्यांचा पत्ता समितीकडून आत्ताच लेखी घे. आणि एक जुना फोटो असेल, लहानपणीचा, फायलीच्या पहिल्या पानाला टाचलेला, तर त्याचीही प्रत माग. बऱ्याच जणांकडे स्वतःचा लहानपणीचा तेवढा एकच फोटो असतो.

अर्ज दिलास की तुझ्या प्रतीवर पोच घे, तारखेसकट. दिली नाही तर विधी सेवा प्राधिकरणात ये.